करीमभाईंना न दाखवलेला लेख

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार वसुधाताईंचे. त्यांचं नाव आधी घेतो, कारण जे आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते त्यांच्याशीच केलेलं आहे.

उदगीरकडून हैदराबादला आलो, तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. ताई नारायणगुड्यात पेन्शनच्या पैशातून एक मराठी त्रैमासिक काढायच्या. त्यांनी मला लिहायला शिकवलं. पुढे अंकावर ‘संपादन साहाय्य’ म्हणून माझं नाव घातलं. वडिलांनी तो अंक देवघरात ठेवला.

चिक्कडपल्लीला करीमभाईंच्या प्रेसमध्ये मजकूर पोचवायचं काम माझं. ताई प्रेसला कधी फोनही करायच्या नाहीत — इतका विश्वास.

एकदा तलाव बुजवून उठवलेल्या इमारतींवर लेख आला. एका पुढाऱ्याचं नाव घेऊन. ताईंनी सगळे पुरावे तपासले आणि तो पहिल्या पानावर घेतला. मी तेव्हा ज्या कॉलेजात शिकवत होतो, त्याच्या संस्थेवर तो पुढारी होता, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मला कुणी धमकावलं? नाही. कुणी साधं विचारलं तरी? तेही नाही. मीच — कुणी न सांगता — लेख पिशवीतून काढला आणि ताईंना म्हणालो, करीमभाई छापायला तयार नाहीत.

ताई चिडल्या नाहीत. “लेकुरवाळा माणूस आहे रे. त्याला कशाला अडचणीत घालायचं?” मग त्यांनी अंकाची फाईल मिटली. “पण हा लेख गाळून अंक काढायचा, तर काढायचाच कशाला?”

दुसरा प्रेस बघू, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. त्रैमासिक तिथंच थांबलं.

करीमभाई मात्र वाट बघत राहिले. “ताई हमसे खफा हैं क्या, मास्टर? कुछ भेजे नैं.”

“तबियत ठीक नैं उनकी,” मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

मागच्या महिन्यात हिमायतनगरला छोट्या नियतकालिकांवर कार्यक्रम झाला. ‘निर्भीड त्रैमासिकाचे साथीदार’ म्हणून मला शाल दिली. आणि मी — ती घेतली.

ताई आता पुण्यात मुलीकडे असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना हे पत्र टाकलं :

‘ताई, करीमभाईंनी नकार दिला नव्हता. लेख मी त्यांना दाखवलाच नाही. भीती माझी होती, नाव त्यांचं लावलं. लेख सोबत पाठवतो आहे. आज प्रेसमध्ये जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. ते उठले. आतून कागदाचा एक गठ्ठा घेऊन आले. आपल्या पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी त्यांनी तेव्हाच आणून ठेवला होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या कामाला वापरलेला नाही.

— बालाजी’