भाच्याचे कान आणि माझी पक्की हळद

आमच्या घरात लग्नाची हळद आणायचा मान मामाचा. भाच्याच्या लग्नात तो मान मी असा गाजवला, की अजून खारबावपर्यंत लोक मला बघून कान चोळतात.

भिवंडीतल्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, मी रंग मास्तर. कापडाचा तुकडा दाखवा, हुबेहूब तोच रंग काढून देतो. आता असा माणूस हळद कशी घेणार? निजामपुऱ्यातल्या दुकानदाराने जरा मातकट हळद पुढे केली. "खाने के लिए यही ले जाओ, मास्टर." मी चिमूटभर उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "शेड डल है." शेजारच्या गोणीतली मात्र काय झळकत होती! पाच किलो उचलली. निम्मी अंगाला, निम्मी जेवणाला.

संध्याकाळी हळद लागली. बायका म्हणाल्या, रंग बघा रंग! मी कॉलर ताठ करून मांडवात तीन फेऱ्या मारल्या.

सकाळी भाचा न्हाणीतून ओरडला, "मामा, ह्ये निघत न्हाय!" साबण झाला, डाळीचं पीठ झालं, शेवटी नारळाची शेंडी झाली. कानाच्या पाळ्या झेंडूच्या त्या झेंडूच्याच. ज्या पक्क्या रंगासाठी मी डाइंगमध्ये जन्मभर धडपडलो, तो भाच्याच्या कानावर सापडला.

मांडवामागे आचारी वरणाच्या टोपात हळद टाकणार, तेवढ्यात ताई, म्हणजे नवरदेवाची आई, धावत आली. "थांब रं!" तिने पानाच्या तबकातली चुन्याची डबी उघडली आणि बशीत चुना अन् हळद कालवली. "खरी हळद चुन्यात लाल व्हते. आई कुंकू असंच करायची." आम्ही सगळे बशीवर वाकलो. हळद पिवळी होती, ती पिवळीच राहिली.

"तू रंगाचा मास्तर ना?" ताई म्हणाली. "ही हळद हाय का तुझ्या डाइंगमधला माल?"

दुपारी सगळं गाव पंगतीला बसणार होतं. पोरंटोरं, पोटुशा बायका, म्हातारे. त्यांच्या ताटात तो रंग मी वाढणार होतो, तेही मानाने.

मग घराघरांतून हळदीच्या वाट्या आल्या. घरी कांडलेली, डब्याच्या तळाशी राहिलेली, कुणाची माहेरची. प्रत्येक वाटीची चुन्यात परीक्षा. बशी लाल झाली की आरोळी, बँडवाल्यांचा ढोल. वरण पाचसहा शेड्सचं झालं. शेड न तपासता मी ते दोनदा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी उरलेली हळद, भाचा आणि नवी सून घेऊन मी अन्नभेसळीच्या कचेरीत.

"पाकीट?" साहेबांनी विचारलं.

"सुटी घेतली, साहेब."

"गोणीवर नाव?"

"कोरी होती."

"मग पकडू कोणाला?"

मी भाच्याचा कान धरून पुढे केला. "हा पुरावा."

साहेब हसू दाबत म्हणाले, "यांना सील करून ठेवू का?"

मागून सून म्हणाली, "ठेवा, पण पूजेच्या आधी परत द्या."

नमुना त्यांनी घेतला. पण जे खरं ते बोलले: माणसं थोडी, तपासणी लांब, आणि कोऱ्या गोणीमागचा माणूस कुणाला सापडत नाही. मला डाइंगमधले आमचे रंगाचे ड्रम आठवले. प्रत्येकावर नाव, नंबर, 'हातमोजे घाला'. तोच रंग कापडाला लावताना मोजे, आणि वरणात घालताना चिमूट!

ग्रामसभेत मी उभा राहिलो. नावाशिवाय सुटा मसाला विकू नये. तपासणीची सोय तालुक्यातच हवी. निकाल फळ्यावर लागावा. आणि शिक्षा भेसळ करणाऱ्याला, नुसती शेवटच्या दुकानदाराला नको. टाळ्या पडल्या. ठराव लिहायला कागद मलाच दिला.

"आणि नाल्याचं?" मागून ताई.

"कुठल्या?"

"तुझ्या डाइंगमागच्या. सकाळी हिरवा, दुपारी जांभळा. त्याच पाण्यावर आमची भाजी हाय. तिथं मास्तरला शेड दिसत न्हाय व्हय?"

सभा पोट धरून हसली. माझे कान भाच्याच्यासारखे झाले, फक्त लाल. पेन हातात होतं, पळणार कुठे? लिहिलं: कारखान्यांचं पाणी सरकारने न सांगता येऊन तपासावं आणि निकाल गावात मोठ्याने वाचावा. पहिली सही माझी.

आठवड्याने शेठने केबिनमध्ये बोलावलं. समोर ठरावाची प्रत. "मास्टर, ये पहला साइन किसका है?"

"मेरा."

शेठने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आवाज खाली घेतला. "पानी का देखते हैं. पहले ये बताओ, बेटी की शादी है, हल्दी कहाँ से लाऊँ?"

मी खिशातून चुन्याची डबी काढली. "हळद कुठूनही आणा, शेठ. ही ठेवा जवळ. आणि एक बाटली नाल्याचं पाणी भरून घेतो, ते सरकारी तपासणीला. त्याला चुना पुरायचा नाही."