आठशे चाळीस केसपेपर

महानंदा मॅडम आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा त्या फार दिवस टिकतील असं कुणाला वाटलं नव्हतं. धाराशिवला संगणकशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर येणारी माणसं एखादं वर्ष काढतात आणि पुण्याची वाट धरतात. मी तिथंच गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या शेजारी, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहायला मिळालं.

त्या अणदूरच्या. घरी शेती. सोलापूरला शिकत असताना डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती कशी रचायची, या आता शिकवायला घेतलेल्याच विषयात एकदा नापास झालेल्या, आणि ही गोष्ट त्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगून मोकळ्या झाल्या.

"कळत नव्हतं म्हणून मी सगळं पाठ केलं होतं. पेपरात एक ओळ आठवली नाही, आणि पुढचं सगळंच गेलं. तुम्ही पाठ करायचं नाही."

मुलांनी ऐकून घेतलं आणि पाठ केलं.

पहिल्या चाचणीत मॅडमनी एकच मोठा प्रश्न घातला. बबल सॉर्ट ही आकडे क्रमानं लावायची एक रीत: शेजारशेजारचे दोन आकडे ताडून पाहायचे आणि उलटे असले तर अदलाबदल करायची, असं पुन्हा पुन्हा. प्रश्न असा होता, की दहा आकडे आधीपासूनच क्रमानं लावलेले असतील तर तुमचा प्रोग्राम किती वेळा ताडून पाहील, आणि त्यातला किती खटाटोप वाचवता येईल? साठांपैकी बावन्न मुलांनी पाठ केलेला प्रोग्राम सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. विचारलेल्याचं उत्तर त्यांतल्या कुणीच दिलेलं नव्हतं. मॅडमनी बावन्न शून्यं दिली.

त्यातलं एक शून्य राजसचं होतं. राजस तुळजापूरचा, वर्गात कायम पहिला. त्याचे वडील दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांकडे आले. आमचे प्राचार्य आण्णासाहेब मुळात भला माणूस, पण तक्रार आली की त्यांचा आवाज चढतो. त्यांनी मॅडमना बोलावलं. वेळापत्रक घेऊन मी तिथंच उभा होतो.

"अहो मॅडम, पोरानं अख्खा प्रोग्राम बिनचूक लिहिलाय. शून्य कसं?"

"मी प्रोग्राम विचारलाच नव्हता, सर."

"पण विद्यापीठ तेच विचारतं की!"

"ज्याला हा प्रश्न सुटला त्याला प्रोग्राम लिहिता येतो. प्रोग्राम पाठ असला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मला हे वर्ष द्या. निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी बोलावू नका."

तासिकेवरच्या माणसानं प्राचार्यांशी असं बोलायचं नसतं. आण्णासाहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. हे एक वर्ष."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्ग मैदानात नेला. दहा जणांच्या हातात आकडा लिहिलेला एकेक पुठ्ठा दिला आणि तो छातीशी पालथा धरायला लावला. राजसला पुढं बोलावलं.

"तू कॉम्प्युटर. यांना लहानापासून मोठ्यापर्यंत उभं कर."

"सोपंय. आकडे दाखवा म्हणावं."

"एकावेळी शेजारचे दोघंच दाखवतील. कॉम्प्युटरला आपल्यासारखी अख्खी रांग दिसत नाही, राजस. दोनच दिसतात."

राजसनं सुरुवात केली. दोघांचे पुठ्ठे पाहायचे, पुन्हा झाकायचे, पुढच्या दोघांकडे जायचं. बाकीचा वर्ग मोठ्यानं मोजत होता. पंचेचाळीसला रांग लागली. राजसचा शर्ट घामानं भिजला होता. मॅडमनी त्याला दम खाऊ दिला आणि म्हणाल्या, "आता हीच लागलेली रांग पुन्हा लाव."

तो पुन्हा निघाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ जोड्या पाहिल्या, कुणालाही हलवावं लागलं नाही, आणि तो थांबला.

"मॅडम, एका फेरीत कुणीच हललं नाही, म्हणजे रांग लागलेलीच आहे. पुढं जायचं कशाला?"

"हेच मी पेपरात विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून वर्गाचा सूर बदलला. स्टॅक शिकवताना मॅडम कडब्याच्या गंजीबद्दल बोलायच्या, शेवटी रचलेली पेंढी आधी निघते. कुणी उत्तर विचारलं तर त्या उत्तर द्यायच्या नाहीत, खडू द्यायच्या. तेरची समृद्धी नावाची एक मुलगी होती. इंग्रजी पुस्तक उघडलं की खाली मान घालणारी. तिच्या हातात खडू आला की मात्र ती फळा सोडायची नाही.

जानेवारीत कॉलेजचं एनएसएसचं शिबिर तेरला लागलं. मॅडमच्या वर्गातली बावीस मुलं त्यात होती, आणि सोबत मॅडमही. सात दिवसांतला एक दिवस डोळ्यांच्या तपासणीचा. आसपासच्या गावांतून आठशे चाळीस जणांची नोंदणी झाली होती. प्रत्येकाचा एक केसपेपर, त्यावर नंबर आणि आधीच्या तपासणीचे आकडे; तोच नंबर माणसाच्या हातातल्या चिठ्ठीवर. त्या सकाळी शाळेच्या पटांगणात केसपेपरांचं खोकं टेम्पोतून उतरवताना बुडातून फाटलं. वारा होता. कागद पार बाभळींपर्यंत उडाले.

पोरांनी सगळे गोळा करून आणले, पण आता ती नुसती रास होती. साडेसात वाजलेले. डॉक्टर नऊला येणार होते आणि गेटवर म्हातारी माणसं येऊन बसायला लागली होती.

शिबिराचा प्रमुख मी. म्हटलं, "राहू द्या. माणूस आला की त्याचा कागद शोधू."

"आठशे चाळीस वेळा शोधणार, सर?" मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास द्या मुलांना."

आणि त्या व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. काही सांगेनात.

राजसनं पुढाकार घेतला. एकेक कागद उचलून तो लागलेल्या गठ्ठ्यात योग्य जागी खुपसू लागला. पहिले तीस कागद भराभर बसले. पुढं गठ्ठा वाढला तशी प्रत्येक कागदाला जागा शोधायला वेळ लागायला लागला. बाकीची एकवीस मुलं नुसती बघत उभी.

"आरं, एकट्यानं काय व्हतंय?" समृद्धी म्हणाली. तिनं वर्गातून नऊ बाकडी ओढून काढायला लावली आणि खडूनं त्यांवर शून्यापासून आठपर्यंत आकडे टाकले. "आधी नुसता शेकडा बघा. तीनशे सत्तावन्न असला की तीनच्या बाकड्यावर. बाकी आत्ता बघूच नका."

रास सगळ्यांनी वाटून घेतली. पाच मिनिटांत नऊ ढीग झाले. मग प्रत्येक ढिगापाशी दोघंतिघं, त्याचे दशकाप्रमाणं लहान गठ्ठे, आणि शेवटी दहा-दहा कागद हातानं लावायचे. राजसनं आपला गठ्ठा मोडला आणि चारच्या बाकड्यापाशी जाऊन उभा राहिला. आठ वाजायच्या आत आठशे चाळीस केसपेपर ओळीनं लागले होते.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात सहाच्या बाकड्यावरून ओरड झाली. "मॅडम, सहाशे अडतीस न्हाय!"

बाभळींखाली पुन्हा शोध झाला. मिळेना. समृद्धी मात्र गठ्ठ्यातच पुढं पुढं बघत गेली आणि दोन कागद वर काढले. दोन्हींवर सहाशे त्र्याऐंशी. नोंदणीत कुणीतरी तीन आणि आठ उलटे लिहिले होते. त्यातल्या एका कागदावर नाव होतं गौराबाईचं.

"ही आमच्या गल्लीतली," समृद्धी म्हणाली. "मागच्या शिबिरात हिचा कागदच सापडला न्हवता. दिवसभर बसून माघारी आली."

ती गेटकडं पळाली. गौराबाई नातसुनेचा हात धरून बसली होती, मुठीत सहाशे अडतीसची चिठ्ठी. समृद्धीनं कागदावरचा नंबर मॅडमच्या सहीनिशी दुरुस्त करून घेतला. दुपारी गौराबाईची तपासणी झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं.

मला वाटलं होतं, मॅडम मुलांचं कौतुक करतील. केलंही, तोंडभर. पण सोमवारच्या तासाला फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता: कागद आठ लाख, आणि लावणारा एकटाच, आता बाकडी किती? वर्गात हसू उठलं आणि तीन हात एकदम खडूसाठी पुढं आले.

उन्हाळ्यात विद्यापीठाचा निकाल लागला. साठांतली सत्तेचाळीस मुलं त्या विषयात सुटली; आदल्या वर्षी एकतीस सुटली होती. समृद्धीला राजसपेक्षा चार गुण जास्त होते. राजस पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला तो मॅडमना विचारत, की पुढच्या वर्षी ग्राफ हा विषय तुम्हीच शिकवणार ना?

"प्राचार्यांना विचार," मॅडम म्हणाल्या.

विचारायची गरज पडली नाही. जूनमध्ये आण्णासाहेबांनी नवं वेळापत्रक माझ्याकडं पाठवलं. त्यात दुसरं वर्ष आणि तिसरं वर्ष, दोन्हींपुढं त्यांनी स्वतःच्या हातानं मॅडमचं नाव लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: मैदान सकाळच्या तासाला मोकळं ठेवावं.