मेकाँगच्या दिवशी बाजार

आमच्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाला नारळ देऊन वाटेला लावतात. कुणी ब्लाउजपीस देतं, कुणी टॉवेल-टोपी. ज्याने नारळ दिला त्याच्यासाठी येताना काहीतरी आणायचं, परत आल्यावर मावंद्याचं जेवण घालायचं आणि आणलेली वस्तू त्याच्या हातावर ठेवायची. काशी-रामेश्वराला हे सगळं ठीक आहे. पण आम्ही व्हिएतनामला चाललो होतो हो! तरी कोपरगावच्या आमच्या घरात कोपऱ्यात नारळांचा ढीग लागला. "नको म्हणा ना," असं मी ह्यांना सांगून पाहिलं. "दारात आलेल्या नारळाला कुणी नाही म्हणतं का?" हे म्हणाले.

युरोप आमच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. व्हिएतनाम बसत होता, आणि मला तर तिथेच जायचं होतं. नोकरीभर मी शाळेत भूगोल शिकवला. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश फळ्यावर इतक्यांदा काढला की डोळे मिटूनही तिचे फाटे काढता येतील. त्या फाट्यांतून होडीतून जायचं, एवढी एकच माझी हौस होती.

सहल तशी छान होती, उगाच खोटं कशाला बोलू? हालोंगच्या समुद्रात डोंगर उभे आहेत, त्यांच्यामधून बोट जाते. हनोईत पाण्यावर बाहुल्या नाचतात. होई आनमध्ये संध्याकाळी गल्लीगल्लीत कागदी कंदील लागतात आणि नुसतं भटकायला कुणाला काही द्यावं लागत नाही. पण जिथे उतरू तिथे पुणतांब्याच्या माझ्या नणंदेची नजर दुकानाकडे. बाहुल्या नाचत असतानाही वन्सं माझ्या कानात कुजबुजत होत्या, "धाकल्या जावंला काय न्यायचं गं?"

शेवटचा मुक्काम दक्षिणेला होता, तिथला शेवटून दुसरा दिवस मोकळा होता. आदल्या संध्याकाळी बसमध्ये तिथली गाइड पोरगी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "कल मेकाँग. छोटी नाव, नारियल के पेड़. कौन कौन आएगा?" निम्म्याहून जास्त हात वर गेले. माझा सगळ्यांत आधी.

तेवढ्यात वन्सं मागच्या सीटवरून ओरडल्या, "अन् खरेदी कवा करायची? एवढ्या लोकांनी नारळ दिल्यात, हात हलवीत जायचं व्हय?"

बसमध्ये सगळे आमच्याच भागातले. प्रत्येकाच्या घरी नारळांचा ढीग लागलेला. एकेक हात खाली येऊ लागला. शेजारी ह्यांचाही हात खाली आला आणि मग ह्यांनी माझं कोपर हळूच ओढलं. मी हात खाली घेतला नाही. गाइडने माझ्या एकट्या हाताकडे पाहिलं, कसनुसं हसली आणि म्हणाली, "एक के लिए नाव नहीं जाएगी, मॅडम."

मला इतका संताप आला की रात्री मी जेवले नाही. हे म्हणाले, "नदीच तर आहे. आपल्याकडे गोदावरी आहे की." ज्या माणसाला मी विमानात बसल्यापासून मेकाँग समजावून सांगत होते, त्याने हे बोलावं!

दुसरा दिवस बाजारात गेला. कॉफीच्या पुड्या, किल्ल्यांच्या साखळ्या आणि बाम. वन्सं मराठीत घासाघीस करत होत्या, दुकानदारीण कॅल्क्युलेटर पुढे करत होती, आणि मी पिशव्या सांभाळत पायरीवर बसले होते. तिकडे कुणीतरी होडीत बसलं असेल, एवढंच डोक्यात होतं.

घरी आल्यावर मावंदं झालं. पुरणपोळी, आमटी, शंभरावर माणसं. मी वाढत होते. पंगतीत बसलेल्यांना हे सहल रंगवून सांगत होते, आणि बोलता बोलता मेकाँगवर आले. पाणी कसं गढूळ, फाटे कसे फुटतात, दोन्ही काठांनी झावळ्या कशा वाकलेल्या. सगळे शब्द माझे. माणूस अडखळतही नव्हता. आपण गेलोच नाही, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हतं बहुतेक.

पंगतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, आता दोन लेकरांची आई. तिने मोठ्या कौतुकाने विचारलं, "बाई, तुम्ही किती जीव लावून शिकवायच्या ती नदी! प्रत्यक्षात कशी दिसली?"

पोळीचं ताट माझ्या हातात होतं. हे माझ्याकडे बघत होते, मी मान डोलवावी म्हणून.

"दिसली नाही गं," मी म्हटलं. "त्या दिवशी आम्ही तुझ्यासाठी बाम घेत होतो."

बामची डबी तिच्या पानाशेजारीच होती. तिने ती उचलली, परत खाली ठेवली आणि मान खाली घालून जेवू लागली.