मागच्या सीटवरचे शेजारी

गाडीचं मागचं दार उघडून ते आत बसायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं, की आज गाडी त्यांनाच चालवायची आहे. "माफ करा," ते म्हणायचे, "मंत्री होतो तेव्हा मागे बसायचो. कैदी होतो तेव्हाही मागेच."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्ग या उपनगरात आमच्या समोरच्या घरात ते मुलीकडे राहत. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी. मुलगी हॉस्पिटलात नर्स होती. बायको मात्र तिकडेच राहिली होती. तिला देश सोडू देत नव्हते.

तुमच्यापैकी जे तेव्हा अशा उपनगरात राहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी नसेल तर घर म्हणजे कोंडवाडा. फुटपाथ नाही, बस नाही, दुकान तीन मैलांवर. माझा नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला, की दिवसभर मी माझ्या खिडकीत आणि ते त्यांच्या. दोन वर्षं आमची ओळख नुसती मान हलवण्यापुरती.

एका दुपारी पोलिसांची गाडी त्यांना घेऊन आली. रस्त्याच्या कडेने चालत होते, म्हणून कुणीतरी फोन केला होता. मुलगी कामावर. पोलिसाने माझी बेल वाजवून विचारलं, "यांना ओळखता का?" मी हो म्हटलं.

"आमच्याकडे फिरायच्या परवान्याचा पास न बाळगता चाललो म्हणून इंग्रजांनी पकडलं होतं," ते मला म्हणाले. "इथे पास मागतसुद्धा नाहीत. नुसतं चाललं तरी पुरतं."

मी आदल्याच वर्षी ड्रायव्हिंग शिकले होते. म्हटलं, "सर, मी शिकवते तुम्हाला."

दर शनिवारी एका बंद ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही गोल गोल फिरायचो. माझी सात वर्षांची मुलगी मागे बसायची. "आई, व्हाय इज ही सो स्लो?" ती एकदा म्हणाली. ते गंभीरपणे म्हणाले, "बेटा, मी माझा अख्खा देश पायी फिरलोय. मला हा वेग फार वाटतो."

बोलता बोलता कळायचं. स्वातंत्र्याच्या दिवशी नवा झेंडा वर गेला, त्यातले त्यांना फक्त स्वतःचे पाय आठवायचे, कारण बूट उसने होते आणि फार चावत होते. मंत्री झाल्यावर, इंग्रजांनी त्यांना जिथे कोंडलं होतं, तो तुरुंग त्यांनी रंगवून घेतला. पुढे राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे त्यांच्याच जुन्या मित्राने, निवडणुका बंद केल्या. यांनी विरोध केला, आणि मित्राने त्यांना त्याच तुरुंगात टाकलं.

"रंग चांगला टिकला होता," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेला ते टेस्ट पास झाले. त्याच सुमारास तिकडून निरोप आला, की बायको अंथरुणाला खिळली आहे. शिकागोतल्या त्यांच्या वकिलातीने कळवलं, पासपोर्ट मिळेल, पण एका कागदावर सही करावी लागेल. राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मी जे जे बोललो ते खोटं होतं, असा तो कागद. हाच कागद त्यांनी आधी दोनदा परत पाठवला होता.

"शिकागोपर्यंत बाजूला बसाल?" त्यांनी मला विचारलं. हायवेची त्यांना भीती वाटत होती. मुलीला त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

वकिलातीत एका तरुण कारकुनाने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. इंग्रजीची एक चूक होती, ती आधी दुरुस्त केली. मग सही केली.

गाडीत बसले, पण किल्ली फिरवेनात. "मी चूक केली का?"

"मला नाही सांगता येत, सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी किल्ली फिरवली.

त्यांची मुलगी दारातच उभी होती. सही केल्याचं त्यांनी तिला सांगितलं. "बाबा, ते तुम्हाला परत आत टाकतील."

"टाकू देत. तुझ्या आईला एकदा भेटतो."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही नेलंत त्यांना." ते मायदेशी गेल्यावर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

मग एक दिवस ती हातात पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली. तिकडून आलेलं ते पहिलं पत्र, आणि शेवटचंही. विमानतळावरूनच त्यांना घरी नेऊन नजरकैदेत ठेवलं होतं. बाकी राजकारणाचं एक अक्षर नव्हतं.

"तुझी आई आता उशीला टेकून बसते," त्यांनी लिहिलं होतं. "सही का केलीत म्हणून रोज सकाळी मला बोलते. फार बोलते. मी तिचा हात धरून ऐकत बसतो."