फरहतचा अंगठा

शिरूरच्या एसटी डेपोसमोर टायरवाल्याच्या माडीवर मीरासाहेबचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण तो दुकानात क्वचितच सापडायचा. एका खासगी दूध कंपनीची संकलन केंद्रं न्हावरे, राहू अशा गावांतून पसरली होती आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरांची देखभाल त्याच्याकडं होती. डिकीत सीड्या, पक्कड आणि धूळ झाडायचा ब्रश टाकून तो मोटरसायकलवर दिवसभर हिंडायचा. दुकान सांभाळायची त्याची धाकटी बहीण फरहत. कॉम्प्युटरच्या क्लासला दोघं एकदमच गेली होती, पण पुस्तक उघडून बसायची सवय तिला होती. त्याला नव्हती.

२००२ साली कंपनीनं ठरवलं, की केंद्रावरचे लिटर आणि फॅटचे आकडे रोज फोनच्या लाइनीवरून शिरूरच्या ऑफिसात यावेत आणि मधे कुणाला ते वाचता येऊ नयेत. त्यासाठी कॉम्प्युटरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागायचं. ते बाहेरून विकत घेणं महाग पडत होतं. फरहत म्हणाली, "आपणच करू की." तिनं दोन दिवस खटपट करून रूट, म्हणजे बाकी सगळ्यांची ओळख देणारं मूळ सर्टिफिकेट बनवलं. देणाऱ्याचं नाव काय टाकायचं, असं मशीननं विचारलं तेव्हा तिनं हसत स्वतःचं टाकलं. मुदत पाच वर्षांची. त्याच्याबरोबर तयार झालेल्या गुप्त चावीला कुलूप म्हणून एक पासवर्डही घातला. तो काय, हे मीरासाहेबनं विचारलं नाही. विचारायचं काही कारण नव्हतं.

मग प्रत्येक केंद्रावर जाऊन ते हातानं बसवायचं काम आलं. राहूच्या केंद्रावर शितल होती, फरहतची क्लासमधली मैत्रीण. बी.कॉम. झालेली, बागाईतदाराच्या घरातली. तिनं विचारलं, "एवढी यातायात कशाला गं?"

"बँकेत खातं काढताना ओळख देणारा लागतो का न्हाई?" फरहत म्हणाली. "कॉम्प्युटरच्या पोटातबी तशी ओळख देणाऱ्यांची नावं असत्यात. त्यांनी ज्याची ओळख दिली, त्याच्यावर हा इस्वास ठेवतो. पण हे आपलं जुनं विंडोज. ह्याला नवं नाव आपोआप कळत न्हाई आन् जुनं नाव मेलं तरी कळत न्हाई. माणसानं येऊन सांगावं लागतं."

तेवढ्यात पडद्यावर खिडकी उघडली. हे सर्टिफिकेट घेऊ का? खाली फरहतचं नाव, तारखा, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ.

"हा माझा अंगठा," फरहतनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव कुणीबी लावंल. अंगठा लावता येणार न्हाई. शेवटची चार अक्षरं जुळली तरच येस दाबायचं."

शितलनं ती चार अक्षरं मार्करनं मॉनिटरच्या कडेला लिहून ठेवली.

२००४ च्या पावसाळ्यात फरहतला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग नगरचा दवाखाना, पण तोवर कावीळ डोक्यात गेली होती. शुद्धीवर न येताच फरहत गेली. मयतीच्या दिवशी शितल राहूहून आली आणि फरहतची आई नजमुन्निसा हिच्याशेजारी बसून राहिली.

मीरासाहेब चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायच्या आधीच कामाला लागला. न्हावऱ्याचं मशीन बंद पडलं होतं. त्यानं विंडोज नव्यानं टाकलं, फरहतची सीडी घातली, आणि खिडकी उघडली. तिचं नाव. त्यावर विश्वास ठेवायचा का? तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं येस दाबलं.

पुढं पुढं त्याला त्याचीच ओढ लागली. मशीन जरा हळू चाललं, की तो म्हणायचा, "फॉरमॅट मारावं लागंल." केंद्रावरची माणसं वैतागायची. तो मात्र शांतपणे सगळं पुसून नव्यानं टाकायचा आणि त्या एका खिडकीची वाट बघायचा. ती आली, की ओठांतल्या ओठांत मयतासाठीची फातेहा म्हणायचा. हे कुणालाच माहीत नव्हतं. आईला तर नाहीच.

२००७ उजाडलं आणि मुदत संपत आली. मुदत वाढवायला फरहतची चावी हवी आणि चावीला तिचा पासवर्ड. त्यानं घरातल्या सगळ्यांची नावं घालून पाहिली, शाळा, तिच्या शेळीचं नाव, ईदच्या तारखा. कुलूप हलेना. एका दुपारी त्यानं आईला विचारलं, "अम्मा, फरहतला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

नजमुन्निसा तांदूळ निवडत होती. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "इतक्या दिवसांनी तिचं नाव घेतलंस," ती म्हणाली, "आन् तेबी कामासाठी."

तो उठून दुकानात आला. नवं रूट बनवण्याशिवाय इलाज नव्हता. ते करायला बसला, देणाऱ्याचं नाव मशीननं विचारलं, आणि त्यानं फरहतचंच नाव टाकलं. दुसरं नाव बोटांतून उतरलंच नाही. दुधाच्या टँकरबरोबर सीड्या केंद्रांवर गेल्या. सगळ्यांनी ओळखीचं नाव बघून येस दाबलं.

राहूहून फोन आला.

"मीरादादा, मी नो दाबलं."

"का गं?"

"नाव फरहतचं हाय. अंगठा तिचा न्हाई."

"जुन्याची मुदत संपतीय. नवं केलंय."

शितल हळूच म्हणाली, "तारीख ह्या महिन्याची हाय, दादा. ती न्हाई, तर हे उठवलं कुणी?"

त्यानं फोन ठेवला. तो तसाच निघाला. न्हावरे मागं टाकून, भीमेचा पूल ओलांडून राहूला पोचला तेव्हा संध्याकाळचं दूध यायचं होतं. केंद्रात शितल एकटीच होती. पडदा बंद करून ठेवला होता.

"सकाळी ती खिडकी उघडली," ती म्हणाली, "आन् तारीख बघितली. एक क्षणभर वाटलं, ती कुठंतरी हाय आन् तिनंच पाठवलंय. मी बाहिर जाऊन रस्त्याकडं बघून आले, दादा."

मीरासाहेब स्टुलावर बसला. "तिचं नाव काढायला मला जमंना."

"मला तरी कुठं जमतंय? पण तुम्ही तिच्या नावानं दुसराच अंगठा उठवला. असं न्हाई करायचं."

त्यानं मान डोलावली. त्या आठवड्यात त्यानं तिसरं रूट बनवलं, स्वतःच्या नावाचं. ह्या वेळी सीडी टँकरनं पाठवली नाही. एकेका केंद्रावर स्वतः जाऊन ते बसवलं. आधी खोटी फरहत पुसली, मग खरी. पुसतानाही मशीन तीच खिडकी दाखवायचं, तेच नाव, आणि विचारायचं, काढू का? राहूला तो सगळ्यात शेवटी आला. शितलनं शेवटची चार अक्षरं मोठ्यानं वाचली, मॉनिटरच्या कडेशी ताडून पाहिली. "हीच," ती म्हणाली. त्यानं येस दाबलं. खिडकी मिटली. बाहेर कॅनांचा खडखडाट सुरू झाला होता, आणि दूध घालायला आलेला पहिला शेतकरी पावतीसाठी हाका मारत होता.

दुधाची गर्दी ओसरल्यावर शितलनं विचारलं, "तिची कबर कुठं हाय? मला एकदा न्याल का?"

पुढच्या रविवारी ती एसटीनं शिरूरला आली. तो तिला घोडनदीच्या बाजूच्या कब्रस्तानात घेऊन गेला. बायका आत जात नाहीत म्हणून ती भिंतीबाहेर, बाभळीखाली थांबली, आणि तो आत गेला. दफनानंतर तो तिथं कधी आलाच नव्हता. फरहतच्या डोक्याशी दगड रोवायचा राहून गेला होता. गवत गुडघाभर वाढलेलं, मातीचे उंचवटे पावसानं बसलेले. लिंबाच्या झाडापासून दुसरी, एवढं त्याच्या ध्यानात होतं, पण आता लिंब दोन होते, आणि प्रत्येकापासून दुसरी कबर वेगळी. तो ह्या उंचवट्यापासून त्या उंचवट्यापर्यंत गेला, परत आला. जवळपास विचारायला माणूस नव्हतं.

"घावली का?" भिंतीपलीकडून शितलनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

मग तो त्या दोन कबरींच्या मधे उभा राहिला आणि हात उचलून त्यानं दोघींसाठी फातेहा म्हटली.