भोंग्यातून शिकवलेलं मौन

मी तिसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावरच लिहितो. चुकलं तर चुकलं, कोणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

मागल्या महिन्यात गावच्या रिटायर हेडमास्तरांनी सांगितलं, की जपानात साधूंचा एक जुना पंथ आहे. ते भिंतीकडे तोंड करून नुसते बसतात. चमत्कार नाही, अंगारा नाही. आणि तेच बसणं आता चंद्रपुरात कोणी गुरू तीन दिवसांत शिकवतो म्हणे, मागे बासरी लावून, समोर स्वतःचाच फोटो ठेवून. मास्तर म्हणाले, "चाला ना भाऊ, जाऊन येऊ."

मी म्हटलं, "मास्तर, मले ओकारी येते."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती तेव्हाची गोष्ट. माझं लग्न व्हायचं होतं. चैतात मोहाची फुलं पडतात, ती उजाडायच्या आत वेचावी लागतात. त्या दिवशी मायनं माझ्या धाकट्या भावाला हलवून उठवलं. "तू हो पुढं, मी पेज ठेवून आलीच." झाडाखाली अस्वल आधीच फुलं खात होतं. आम्ही पोचलो तेव्हा टोपली उलटी पडली होती आणि भाऊ गेला होता.

माय रडली नाही. बोललीही नाही. त्या दिवसापासून काम करी, चार घास खाई, पण तोंडातून शब्द नाही. घरात आम्ही दोघंच. मी बोलायचो आणि माझाच आवाज मला ऐकू यायचा. वाटायचं, भाऊ तर गेला, आता मायही अशीच जाणार.

वैशाखात वडशाला एक बाबा आला. रेल्वेनं आलेला, भगव्या रेशमातला, सोबत बॅटरीवरचा भोंगा. आमच्याकडे भोंगा म्हणजे फार मोठी गोष्ट. ज्याचा आवाज एवढा मोठा, त्याची पोच देवापर्यंत असणारच, असं आम्हाला वाटलं. मलाही वाटलं. बैलगाडी जुंपली आणि मायला घेऊन गेलो.

मंडपाच्या तोंडाशी पाण्याचे माठ होते. बाबाचा एक चेला पाणी देता देता गोडीनं विचारी, "काय तकलीफ आहे, भाऊ?" मी सगळं सांगितलं. अस्वल, मोह, उलटी टोपली.

बाबा त्या भोंग्यातून दुपारभर मौनावर बोलला. मौन हाच परमात्मा, म्हणे. झाडावरचे कावळे उडून गेले, एवढं ते मौन. मग मायला वर बोलावलं. बाबानं डोळे मिटले. "मला जंगल दिसतंय… मोहाचं झाड दिसतंय… उलटी टोपली दिसतेय!"

मंडप जयजयकारानं दणाणला. मीही हात जोडले. हे लिहिताना ते हात धुवावेसे वाटतात. टोपलीचं मीच तर सांगितलं होतं, माठापाशी!

"मुलगा म्हणतोय, आईला माफ केलं. बोल माई, बोल!" बाबानं माईक तिच्या तोंडाशी धरला. भोंग्यातून फक्त माझ्या मायचा श्वास ऐकू येत होता.

मागून एक बाई म्हणाली, "अवो, बोलून टाका ना! बाबा एवढं म्हणून राह्यले त."

माय बोलली नाही. बाबा भोंग्यातूनच म्हणाला, "हिची श्रद्धा कमी पडते." आणि पुढच्याला बोलावलं. माय पदर तोंडावर ओढून खाली उतरली. घरापर्यंत तिनं तो काढला नाही.

पावसाच्या तोंडाशी नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, गोंड पुजारी आमच्या ओट्यावर येऊन बसला. पांढऱ्या केसांचा, अंगावर नुसतं धोतर. मेल्याच्या घरी जाऊन बसायचं, अशी त्यांची जुनी रीत. आला, मोहाच्या बिया पुढ्यात घेतल्या आणि दगडानं फोडायला लागला. त्या बियांना आम्ही टोळी म्हणतो, तिच्या गराचं तेल निघतं. संध्याकाळी उठून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

मी वैतागलो. "भाऊ, काई मंतर, काई उपाय सांगा ना. नुसते काऊन बसता?"

"सांगणारे भेटले ना तुले वडशाले," तो म्हणाला. "मी बसाले आलो."

बरेच दिवस असेच गेले. माय आधी आत असायची, मग दारात बसू लागली, मग त्याच्या समोर बसून टरफलं निवडू लागली. एक दिवस तो फोडत होता ते सगळं चेंदामेंदा होत होतं. गर टरफलात मिसळत होता.

"हळू मार ना," माय म्हणाली. "गर फुटून राह्यला."

माझ्या हातातला दोर खाली पडला. म्हाताऱ्यानं वरही पाहिलं नाही. दगड तिच्यापुढे सरकवला. "तूच मार मंग, बाई."

माय फोडायला लागली. एकेक टोळी, बेतानं. मग खाली पाहतच म्हणाली, "झोपला होता तो. म्याच उठवलं."

"हो," म्हातारा म्हणाला. माफीबिफीचं काही बोलला नाही. ती फोडत राहिली आणि रडत राहिली, आणि तो ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. साऱ्या जन्मात ज्यानं टोळ्याच फोडल्या, त्याला दगड किती जोरानं मारावा हे कळत नव्हतं? मी त्याला कधी विचारलं नाही. मास्तर शेवटी एकटेच चंद्रपूरला जाऊन आले. त्या गुरूचा फोटो घेऊन आले म्हणतात. मी पाहायला गेलो नाही.