दिव्यावरचा हार

प्रल्हादभाऊ सोनुने गेल्याचं शोभावहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी रडू आलंच नाही, राग आला. आता महिना होत आला, तरी तो उतरलेला नाही. छातीत दुखतंय हे या माणसानं ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणत, ओवा चावत घरच्यांपासून लपवलं. शेवटचे भेटले ते जुन्या जालन्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर. सावलीत बसूनही घामानं शर्ट भिजलेला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणतात कसे, “दाखवतो न, मंदाताई. चालू हाये तोवर चालू द्या.” आणि हे वाक्य बोलावं कोणी? याच वाक्यावरून त्यांनी एकदा मला अख्ख्या ऑफिससमोर झापलं होतं!

मी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. आमचा सगळा कारभार एका युनिक्स सर्व्हरवर, एकाच मोठ्या यंत्रावर, चाले आणि त्याची देखभाल प्रल्हादभाऊंकडे होती. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, इंजिनिअर झालेले, पुण्याची नोकरी सोडून परत आलेले. आपल्याइतकं कोणाला कळत नाही हे न लपवणारे. एकच गोष्ट तीनदा विचारायचे. आल्यावर चहा समोर ठेवला तरी आधी यंत्राचे दिवे बघणार, मग कप उचलणार. तोवर चहा गार, आणि गार झाला म्हणून कुरकुर पुन्हा आमच्यावरच.

त्या वर्षी खरिपाच्या तोंडावर ते तपासणीला आले आणि दारातच थबकले. दसऱ्याला आम्ही यंत्राची पूजा केली होती. झेंडूचा हार समोर लटकलेला, पार वाळून कोळसा झालेला. पूजेचा हार मध्येच कोण काढणार? तो पुढच्या दसऱ्यालाच बदलायचा, ही आमची रीत. त्यांनी दोन बोटांनी हार बाजूला सारला. मागं एक दिवा हिरव्याऐवजी पिवळा जळत होता.

“हे कधीपासून हाये?”

“काय माहीत… पण भाऊ, मशीन तर चालू आहे ना!”

झालं! स्फोटच. “चालू हाये म्हणून तं कोणी बघत न्हाई! दोन डिस्का कशाला दिल्यात? जे हिच्यावर, तेच तिच्यावर. एक मेली तं दुसरी गाडा वढते, अन् तुम्हाला वाटतं सगळं बराबर हाये. दुसरी मेल्यावर काय करता मंग?”

दुसऱ्या दिवशी एसटीनं औरंगाबादहून नवी डिस्क मांडीवर घेऊन आले. मेलेली डिस्क ओढायच्या आधी तिचा नंबर मला मोठ्यानं वाचायला लावला. एकदा नाही, तीनदा. चुकून जिवंत डिस्क ओढली असती तर हंगामच बुडाला असता, हे मला कळत होतं. पण बाहेर ट्रक उभे, चलनं निघत नव्हती, मॅनेजरसाहेब दारात येरझाऱ्या घालत होते. दुपार नव्या डिस्कवर नक्कल उतरण्यात गेली. एकदाचं झालं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, तर हे म्हणतात, “आता मशीन बंद करू. नुसत्या नव्या डिस्कवर उठतं का पाहू.”

“अहो भाऊ, चालू आहे ना!”

त्यांनी जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवली. बंद केलं, सुरू केलं… आणि पडदा काळाच. यंत्र ज्यावरून उठतं तो छोटा प्रोग्राम नव्या डिस्कवर टाकायलाच महाशय विसरले होते! “इसरलोच की मी,” म्हणून खदखदून हसले. मला कीबोर्ड फेकून मारावासा वाटला. सगळं पुन्हा केलं, तेव्हा कुठे यंत्र उठलं. पुढं ऐन हंगामात उरलेली जुनी डिस्कही गेली. त्यातच लाइट गेली, आली, आणि यंत्र निमूटपणे नव्या डिस्कवरून सुरू झालं. ते मी त्यांना सांगितलं, तर म्हणे, “मंग? सांगितलं व्हतं न.” असा माणूस.

त्या दिवशी निघताना त्यांनी तो हार फेकला नाही. यंत्राच्या कडेला, पुन्हा नीट अडकवला. “हार घाला, बिलकुल घाला. पण दिवा दिसंल असा घाला,” म्हणाले. तेव्हापासून सकाळी कामावर पोचल्याबरोबर मी आधी दिवे बघते. चहा माझाही गार होतो.

परवा त्यांच्या घरी गेले. बैठकीत फोटो लावलाय, चंदनाचा मोठा हार घातलेला. हार सरकून डोळ्यांवर आला होता. दुसऱ्यांचे दिवे बघत फिरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अंगातला दिवा दिसला नसेल? दिसला होता. वर ओव्याचा हार घालून बसला होता. आणि तो घामेजलेला चेहरा बघूनही, “दाखवतो न” म्हटल्यावर आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो.

वहिनी चहा करायला आत गेल्या. मी उठले, दोन बोटांनी हार बाजूला सारला. चेहरा दिसला, हसरा.

आता दिसून काय उपयोग, प्रल्हादभाऊ?